वृंदावनातील गंध आणि बाटलीतील तेल

कार्तिक शुद्ध द्वादशीची तिन्हीसांज ही महाराष्ट्राच्या अंगणातील एक अपूर्व मंगल वेळ होय. गेरूने रंगविलेल्या वृंदावनावर चुन्याचे ठिपके उमटलेले असतात, त्यावर उसाचा मांडव उभा असतो, मुळाशी चिंचा, आवळे आणि बोरे मांडलेली असतात आणि अंतरपाटाच्या पलीकडे पाटावर बाळकृष्ण विराजमान झालेला असतो. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात आणि मुले चुरमुऱ्यांसाठी नि उसाच्या कांड्यांसाठी दाटी करतात. गोमंतकात तर या सणास ‘व्हडली दिवाळी’ असेच म्हणतात. प्रबोधिनी एकादशी उलटल्यापासून पौर्णिमेपर्यंत ज्याच्या त्याच्या सोयीने हा विवाह लागतो, आणि मग माणसांच्या घरचे मुहूर्त निघू लागतात.

या सोहळ्याचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. वृंदेची कथाही वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते एका अगदी लहान क्षणाविषयी. वधूला हळद लावताना सुवासिनीचे बोट पानाला घासते आणि एकाएकी तो परिचित गंध सुटतो, तो हा क्षण. तो गंध कसला? त्यात आहे तरी काय? आणि एका अंगणातील तुळशीला जो वास येतो, तोच दुसऱ्या अंगणातील तुळशीला का येत नाही?

आमच्या बालपणी कोकणातल्या घरी आत्याबाई होत्या. परसात त्यांची तुळस होती, शेजारी कापूरतुळस होती, सब्जा होता आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला मरवाही होता. अंधार पडल्यावर आम्ही मुले त्यांची परीक्षा घेत असू. पाने तोडून आणावीत, त्यांच्या हातावर ठेवावीत आणि ओळखावयास सांगावे. (संध्याकाळी तुळस तोडू नये असे त्या बजावीत, ती आज्ञा मोडल्याबद्दल एक धपाटा हा परीक्षेचाच भाग असे.) पान चुरगळून त्या सांगत, “ही लवंगेची, ही कापराची आणि हा बडीशेपेचा.” त्या कधी चुकल्याचे आम्हांस आठवत नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी रसायनशास्त्राची पुस्तके चाळताना आढळले, की त्यांच्या त्या तीन शब्दांना तिथे तीन निराळी नावे आहेत: युजेनॉल, कँफर आणि एस्ट्रागोल.

हे सारे आज आठवण्यास कारण घडले ते गतवर्षीच्या तुळशीच्या लग्नात. आमच्या पुण्याच्या सदनिकेतील कुंडीतली तुळस पावसाळ्यात पाणी साचून गेली. ऐन वेळी शेजारून रोप आणून लग्न लागले खरे, पण ते रोप एवढेसे होते की त्याची पाने तोडण्यास कोणाचा हात होईना. तेव्हा तीर्थात घालावयाचे काय? आम्हीच एक युक्ती काढली. सर्दीपडशासाठी आणलेली तुळशीच्या तेलाची एक बाटली घरात होती. ‘शंभर टक्के शुद्ध’ असे तिच्यावर ठळक लिहिले होते. एका पानाऐवजी चार-पाच थेंब पंचपात्रीत टाकावेत म्हणून आम्ही बूच उघडले, तोच थोरल्या वहिनींनी आमचा हात धरला. “भावजी, थांबा. तेल म्हणजे काही पान नव्हे. आणि पहिली पळी त्या पोराच्या हातावर पडायची आहे.” पोर म्हणजे आमचा दोन वर्षांचा नातू. आम्ही बूच लावले. परंतु मनातून थोडे खट्टूही झालो. शुद्ध तुळस ती तुळसच, पानातून आली काय आणि बाटलीतून आली काय, असे आम्हांस वाटत होते. वहिनींचे म्हणणे किती नेमके होते, हे पुढे नीट वाचल्यावर कळले.

पानावरील कुपी

तुळशीचे पान भिंगाखाली धरले तर त्यावर दोन तऱ्हेची लव दिसते. एक साधी, आणि दुसरी डोक्यावर फुगीर गाठ असलेली. ही गाठ म्हणजेच सुगंधाची कोठी. तुळशीच्या कुळात अशा मोठ्या ग्रंथीचे डोके चार पेशींचे बनलेले असते. त्या पेशी तेल तयार करतात आणि ते आपल्या डोक्यावरील पातळ आवरणाखाली साठवून ठेवतात. बोटाचा दाब पडला की आवरण फाटते आणि तेल उघड्यावर येते. न स्पर्शिलेली तुळस दुरून फारशी दरवळत नाही आणि चुरगळलेले एक पान मात्र ओंजळ भरून टाकते, त्याचे कारण हे आहे. मोगऱ्याचा वास आपणहून येतो. तुळशीचा मागावा लागतो.

हे तेल तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखे नव्हे. ते कागदावर टाकले तर काही वेळाने डाग उरत नाही, कारण ते उडून जाते. म्हणून त्यास बाष्पनशील तेल म्हणतात. पानात त्याचे प्रमाण अत्यल्प असते. शंभर किलो ओला पाला भट्टीत घातला, तर सामान्यतः अर्ध्या किलोच्या मागेपुढेच तेल हाती येते. एवढ्याशा तेलातही द्रव्ये मात्र एकदोन नसून कित्येक असतात. ती एकमेकांपासून वेगळी कशी करावयाची, हे फार दिवस मोठे कोडेच होते. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी वायुवर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि हे कोडे सुटू लागले. अतिशय बारीक नळीतून तेलाची वाफ सोडावी. त्यातील प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकास निरनिराळ्या वेळी बाहेर पडते. वारीतील दिंड्या एकाच वाटेने चालतात, पण मुक्कामावर आपापल्या क्रमाने पोचतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. पुढे या नळीस रेणूंचे वजन मोजणारे यंत्र जोडले गेले आणि बाहेर पडणारे द्रव्य कोणते हेही सांगता येऊ लागले. आपल्या पुण्यातही, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. सुखदेव यांनी भारतीय वनस्पतींतील अशा सुगंधी द्रव्यांच्या घडणीवर अनेक वर्षे काम केले.

आपल्या तुळशीच्या तेलात या पद्धतीने जे दिसते, त्यात पहिला मान बहुधा युजेनॉलचा. हेच लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य. दंतवैद्याच्या दवाखान्यात पाऊल टाकताच जो वास येतो तो याचाच. त्याच्या जोडीला मिथिल युजेनॉल असते, मिऱ्यातही आढळणारे बीटा-कॅरिओफायलीन असते, एलेमीन असते. आणि त्याशिवाय लिनालूल, सिनिओल, बोर्निओल, ह्युम्युलीन अशी मंडळी थोड्याथोड्या प्रमाणात असतात. लवंग आणि मिरे यांची आठवण तुळशीच्या वासात का होते, याचा उलगडा येथे होतो. तिघींच्या घरी एकच पाहुणा येऊन गेलेला असतो.

एका मिथिलचा फरक

पण ‘बहुधा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. तुळशीच्या तेलाची निरनिराळ्या ठिकाणची पृथक्करणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मन गोंधळून जाते. कोठे युजेनॉल सत्तर टक्क्यांच्या वर, तर कोठे ते दहा टक्क्यांच्याही खाली. कोठे मिथिल युजेनॉलच मुख्य, कोठे कॅरिओफायलीन नि एलेमीन यांचेच राज्य. रोप तेच, पाने तीच, पूजेला चालणारी तुळस तीच. आतले तेल मात्र निराळे. शास्त्रज्ञ यांस एकाच जातीचे रासायनिक प्रकार म्हणतात. काळी आणि पांढरी, म्हणजेच कृष्णतुळस आणि रामतुळस, हा रंगाचा भेद आपण डोळ्यांनी ओळखतो; पण रंगावरून आतील तेलाचा प्रकार ठरतोच असे नाही. तो नाकाने किंवा यंत्रानेच ठरवावा लागतो.

हा फरक पडतो कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. युजेनॉलच्या रेणूत १० कार्बन, १२ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन असे अणू असतात. फिनिलअ‍ॅलनीन नावाच्या अमिनो आम्लापासून अनेक पायऱ्यांनी वनस्पती ते घडविते. त्यातील शेवटची पायरी घडविणारे एंझाइम २००६ साली सब्जाच्या जातीत आणि पेटुनियाच्या फुलात ओळखले गेले. आता या युजेनॉलच्या एका टोकास असलेला हायड्रोजनचा एक अणू काढून तेथे मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बसविला की झाले मिथिल युजेनॉल. काम एवढेच. ते करणाऱ्या एंझाइमाचा शोध २००२ साली सब्जातच लागला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट आढळली. जवळजवळ तशाच घडणीचे दुसरे एंझाइम याच रीतीने एस्ट्रागोल, म्हणजे आमच्या आत्याबाईंची ‘बडीशेप’, तयार करते. दोन्ही एंझाइमांच्या निवडीतील फरक एका मोक्याच्या जागेवरील एकाच अमिनो आम्लामुळे पडतो. लग्नात एका अक्षतेने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल, येथे पडतो.

रोपाच्या वयाचाही परिणाम होतो. इटलीत सब्जाच्या एका वाणावर काम करणाऱ्यांना २००१ साली असे आढळले, की दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतच्या कोवळ्या रोपांत मिथिल युजेनॉल अधिक असते आणि रोप उंच वाढले की युजेनॉल वरचढ होते. म्हणजे वास एकाच झाडाचाही जन्मभर एक राहत नाही.

नावांचा घोळ याहून जुना आहे. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीस ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हटले आणि १७६७ साली पुन्हा ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र, असे नाव दिले. पुढे दोन्ही एकच ठरल्यावर आधीचे नाव ग्राह्य धरले गेले आणि पावित्र्य शास्त्रीय नावातून निघून गेले. अंगणात त्याने काही बिघडले नाही. आपण मात्र तुळस या एका नावाखाली पुष्कळ जणींना गोळा करतो. रानतुळस ही निराळी जात. तिच्या काही प्रकारांना ओव्याचा वास येतो, कारण त्यात ओव्यातील थायमॉल असते, तर काहींत युजेनॉल भरपूर असते. कापूरतुळस मूळची पूर्व आफ्रिकेतील. किलिमांजारो पर्वताचे नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे आणि तिच्या तेलात आरतीचा कापूर हेच मुख्य द्रव्य आहे. सब्जा तिसरा. थायलंडात आपलीच तुळस मिरची-लसणाबरोबर परतून जेवणात घेतात, हे ऐकून वहिनींनी कानांवर हात ठेवले होते.

लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने यातूनच शेतीसाठी वाण निवडले. ‘सिम-आयु’ हा युजेनॉलसाठी, तर ‘सिम-अंगना’ हा गडद जांभळ्या पानांचा. तुळशीच्या जनुकसंचाचे वाचनही २०१५ साली आपल्याच देशात झाले; त्या एकाच वर्षी लखनौच्या या संस्थेने आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

आंब्याच्या बागेतील साक्ष

मिथिल युजेनॉलची ओळख कोकणातील बागायतदारास आमच्याहून आधीपासून आहे. मात्र ती तुळशीवरून नव्हे, तर माशीवरून. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिहारातील पुसा येथील कृषी-संशोधन संस्थेत हाऊलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. गवती चहाच्या कुळातील सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे केवळ नरच धावून येतात, हे त्यांच्या ध्यानी आले आणि १९१५ साली त्यांनी त्या आकर्षणाचा माग मिथिल युजेनॉलपर्यंत नेऊन पोचविला. फळमाशीचे नर हे द्रव्य अधाशासारखे चाटतात आणि शरीरात त्यापासून मादीला भुलविणारा गंध तयार करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘रक्षक’ सापळा आज आंब्याच्या बागांतून टांगलेला दिसतो, त्यात आमिष असते ते याचेच. नर सापळ्यात अडकले की माद्या फलित होत नाहीत आणि फळात अळी पडत नाही.

आत्याबाईंच्या तुळशीवर चैत्र-वैशाखात बारीक पिवळसर माशा घोंघावत असत. ‘या मेल्या लग्नाला येत नाहीत, उन्हाळ्यात मात्र येतात,’ असे त्या म्हणत. त्या माशा कोणत्या होत्या हे आता कोण सांगणार? पण तुळशीच्या चुरगळलेल्या पानांकडे फळमाशीचे नर येतात, ही गोष्ट मात्र खरी आहे.

भट्टीतून काय येते

पानातील तेल बाटलीत येते ते वाफेच्या भट्टीतून. युजेनॉल एकटे उकळावयाचे तर सुमारे २५४ अंश उष्णता लागते. पण पाण्याच्या वाफेची सोबत मिळाली की ते शंभर अंशांच्या आतच तिच्याबरोबर निघून येते. वाफ थंड झाली की पाणी आणि तेल वेगळे होते. प्रयोगशाळेत यासाठी क्लेव्हेंजर यांनी १९२८ साली सुचविलेले काचेचे उपकरण आजही सर्वत्र वापरले जाते.

परंतु पानात जे असते तेच्या तेच भट्टीतून बाहेर येते, असे मानणे ही भाबडी समजूत आहे. याची उत्तम साक्ष देतो तो गजऱ्यातला मरवा. त्याच्या पानांचा खरा वास सॅबिनीन हायड्रेट आणि त्याचा अ‍ॅसिटेट या नाजूक द्रव्यांचा. वाफेच्या उष्णतेने आणि पानातील आम्लाने ही द्रव्ये मोडतात आणि त्यांचे टर्पिनीन-चार-ऑल वगैरे पदार्थ बनतात. म्हणून मरव्याचे तेल हुंगताना ‘हा आपला मरवा नव्हे’ असे नाकास जे वाटते, ते खोटे नसते. तुळशीच्या युजेनॉलची प्रकृती याहून दणकट आहे, ते वाफेत टिकते. तरीही एक मोठी गोष्ट भट्टीतच मागे राहते. जी द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत, ती तेलात येतच नाहीत. रोझमॅरिनिक आम्ल, उर्सोलिक आम्ल, पानातील फ्लॅव्होनॉइडे ही सारी त्यांतलीच. तुळशीच्या गुणांविषयी जे संशोधन वृत्तपत्रांतून येते, त्यातील पुष्कळसे या न उडणाऱ्या द्रव्यांविषयी असते. बाटलीत त्यांचा मागमूसही नसतो.

काढ्याचे बरोबर उलटे. झाकण न ठेवता काढा उकळत ठेवला, की गंधद्रव्ये स्वयंपाकघरात पसरतात आणि भांड्यात उरतात ती न उडणारी. घरभर सुवास सुटला म्हणून काढा उत्तम झाला असे आपण समजतो, तेव्हा प्रत्यक्षात भांड्यातले तेल कमी होत असते. वहिनी काढ्यावर ताटली उपडी ठेवतात आणि ताटलीला आतून लागलेले पाणीही पुन्हा काढ्यात झटकतात. क्लेव्हेंजर यांचे उपकरण तरी याहून निराळे काय करते?

एक पान आणि पाच थेंब

आता त्या पंचपात्रीकडे वळू. हिशेब आम्ही नंतर कागदावर मांडला, तो येथे देतो. तुळशीच्या एका ओल्या पानाचे वजन ढोबळ मानाने शंभर मिलिग्रॅम धरले आणि त्यात अर्धा टक्का तेल धरले, तर एका पानात तेल येते अर्धा मिलिग्रॅम. बाटलीतील तेलाच्या एका थेंबाचे वजन पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका थेंबात पन्नास पानांचे तेल आणि पाच थेंबांत अडीचशे पानांचे. तीर्थात आपण घालतो एक पान, फार तर दोन. आणि तेही अखंड, न चुरगळता. त्यातील तेलाचा काही अंशच पाण्यात उतरतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की तेल पाण्यात विरघळत नाही. युजेनॉल पाण्याहून जड, कॅरिओफायलीन हलके; पण दोहोंपैकी कोणीच पाण्यात नीट मिसळत नाही. पंचपात्रीत टाकलेले ते थेंब सर्वांना सारखे वाटले गेले नसते. ज्या पळीत ते आले असते, तिच्यात बहुतेक सगळेच आले असते. युजेनॉल खाण्यात किती आले तर चालावे, याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरविली आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसास २.५ मिलिग्रॅमपर्यंत, अशी ती आहे. बारा किलोच्या पोरास म्हणजे ३० मिलिग्रॅम. तेलात युजेनॉल सत्तर टक्के धरले तर पाच थेंबांत ते ८७ मिलिग्रॅम होते. एवढ्याने अनर्थच ओढवला असता असे आम्ही म्हणत नाही. ती मर्यादा रोजच्या सेवनाची आहे आणि पुष्कळ सावधपणे ठरविलेली आहे. परंतु युजेनॉलने भरलेले लवंगेचे तेल काही मिलिलिटर पोटात गेल्याने तान्ह्या मुलांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हे कळल्यावर ती बाटली आम्ही देव्हाऱ्याशेजारून उचलून वरच्या फळीवर ठेवली.

आणि हे झाले युजेनॉलपुरते. बाटलीतील तेल मिथिल युजेनॉलच्या प्रकारचे असेल तर? प्राण्यांवरील प्रयोगांत या द्रव्याने यकृतात अर्बुदे निर्माण केली. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने खाद्यपदार्थांत ते वेगळे मिसळण्यास मनाई केली, अमेरिकेने २०१८ साली कृत्रिम मिथिल युजेनॉल स्वादद्रव्यांच्या यादीतून काढले, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली त्यास ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. येथे वाचकांनी घाबरून वृंदावन उपटू नये. पानात ते असते ते कणाकणाने, आणि जायफळापासून सब्जापर्यंत कितीतरी पदार्थांत ते आपल्या पोटात जातच असते. प्रश्न पानाचा नाहीच. शंभर किलो पाल्याचा अर्धा किलो करून, त्याचा प्रकार न सांगता विकण्याचा आहे.

आमच्या बाटलीवर ‘पाच तुळशी’ अशी अक्षरे होती. कोणत्या पाच? त्यांत रानतुळस किती, सब्जा किती? युजेनॉलचे प्रमाण काय, मिथिल युजेनॉल किती? याविषयी एक अक्षर नव्हते. ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ हे शब्द मात्र तळाशी मुंगीएवढ्या टाइपात होते. त्यासाठी आम्हांस चष्म्यावर भिंग धरावे लागले. ज्या द्रव्यावर देवाचे नाव आहे ते निर्धोकच असणार, या आपल्या समजुतीवर अशा बाटल्या खपतात. लवंगेच्या पाल्यापासून युजेनॉल स्वस्तात निघते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘शंभर टक्के शुद्ध’ या शब्दांकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलते.

पारा, प्राणवायू आणि इतर वदंता

सणावारी हाती पडणाऱ्या पत्रकांतून तुळशीविषयी आणखीही पुष्कळ छापून येते. ती रात्रीही प्राणवायू सोडते, असे कोणी सांगतो. कोणी त्याहून पुढे जाऊन ओझोनचे नाव घेतो. तुळस ही याबाबतीत इतर झाडांसारखीच आहे. सूर्यप्रकाशात ती प्राणवायू सोडते आणि रात्री इतरांप्रमाणेच घेते. ओझोन तर श्वासात गेल्यास अपायकारक वायू. तो अंगणात असण्यात भूषण कसले? तुळशीत पारा असतो म्हणून ती चावू नये, असेही सांगतात. तेलातील वर सांगितलेली सर्व द्रव्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांचीच बनलेली आहेत; पाऱ्याला त्यांत जागा नाही. तुळस चावू नये ही चाल ज्यास पाळावयाची त्याने भक्तीने पाळावी. त्यासाठी रसायनशास्त्राची खोटी साक्ष काढण्याचे कारण नाही. आत्याबाईंना आम्ही एकदा विचारले होते, चावली तर काय होते? त्या म्हणाल्या, “काही होत नाही. पण लक्ष्मीला कुणी चावतं का?” असे उत्तर आम्हांस त्या पत्रकांतून कधी मिळाले नाही.

वहिनींनी गतवर्षी शेजारच्या रोपाच्या वाळलेल्या मंजिऱ्या पुडीत बांधून ठेवल्या होत्या. ज्येष्ठात त्यांनी ते बारीक बी राखेत मिसळून कुंडीत पेरले, कुंडीच्या तळाशी या वेळी विटकरीचे तुकडे घातले, आणि रोपे चार बोटांची झाल्यावर त्यांतील तीन ठेवली. श्रावणापासून त्या शेंडे खुडत आहेत, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाने भरतात. यंदा द्वादशीला तीर्थासाठी पाने पुरतील.

परवा सकाळी आम्ही गॅलरीत गेलो असता त्यांनी तिन्ही रोपांचे एकेक पान आमच्या हातावर ठेवले. एकाच मंजिरीचे बी, एकच माती, एकच पाणी. दोघींना लवंगेचा वास स्पष्ट होता. तिसरीला तो जवळजवळ नव्हता. मिऱ्यासारखा थोडासा तिखट, आणि त्यामागे आणखी काही तरी होते. नातू मध्येच येऊन आमच्या तळहातावर नाक घासून गेला आणि शिंकला. “ही कुठली हो, भावजी?” वहिनींनी विचारले. आम्ही पान पुन्हा एकदा चुरगळले, पुन्हा हुंगले. आत्याबाईंनी एका दमात सांगितले असते.